मुलांची शिफारस आणि मोठ्यांची यादी

आपल्याला आवडलेले पुस्तक वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या हातात कोंबणे आणि त्याचे वाचून होईपर्यंत त्याच्या मागे लागणे, हा बालवाचनाच्या प्रसाराचा फार जुना आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला मार्ग आहे. परिपत्रके, ग्रंथालयांच्या खरेदी-याद्या, पुरस्कार समित्या, सुट्टीत काय वाचावे याबद्दलचे वृत्तपत्री सल्ले या सगळ्यांत मोठ्यांचा शब्द चालतो. मुलांची आपसातली देवाणघेवाण मधल्या सुट्टीत, सायकलींच्या रांगेजवळ, एसटीच्या मागच्या बाकावर होते. तिची दखल कोणी घेत नाही. घेतलीच तर कौतुकाने हसण्यापुरती.

या हसण्यामागे एक पक्के मत आहे. आजची पोरे वाचत नाहीत; वाचलेच तर भलतेच काही वाचतात; आवडले तर का आवडले हे त्यांना सांगता येत नाही. सबब निवड जाणत्यांनी करावी. गोष्ट मैत्रीची असेल तर खरा मित्र कसा ओळखावा हे तिने शिकवावे. गोष्ट वाढत्या वयाची असेल तर शेवटी मुलाने आईवडिलांची क्षमा मागावी, म्हणजे पालकांचे पैसे वसूल झाले. आणि गावाकडच्या मुलाबद्दल बोलायचे तर त्याच्या हाती गोष्टीचे पुस्तक देण्यापेक्षा नवोदयचा प्रश्नसंच द्यावा, त्यात त्याचे भले आहे. हे मत शिक्षक सांगतात, पालक सांगतात, बालसाहित्याच्या व्यासपीठावरचे पाहुणेही सांगतात, आणि इतक्या सहज सांगतात की त्याला पुरावा लागतो हेच विसरले गेले आहे.

त्याचा परिणाम पाहायचा तर हिवरखेड घ्यावे. वऱ्हाडात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. या प्रश्नापुरते कोणतेही घेतले तरी चालते. अशा गावात पुस्तकाचे दुकान म्हणजे वह्या, गाइड, प्रश्नसंच आणि कंपासपेट्या. गोष्टीच्या पुस्तकासाठी अकोला किंवा अमरावती गाठावी लागते, आणि तिथला दुकानदारही पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितव्या वर्गाचं पाहिजे?’ असा. मुलापर्यंत पुस्तक येण्याच्या वाटा इथे तीनच: शाळेतले कपाट, गावात सार्वजनिक वाचनालय असलेच तर ते, आणि वर्गातले दुसरे पोर. पहिल्या दोन वाटांवर मोठ्यांचा पहारा असतो. तिसरीची चेष्टा होते तेव्हा बंद होते ती नेमकी मोकळी असलेली वाट.

मुले वाचतच नाहीत, हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत आळशी आहे. त्याचे खापर आज मोबाइलवर फुटते. त्याआधी ते दूरदर्शनवर फुटत होते, त्याही आधी सिनेमावर. आरोपी बदलत राहिला, फिर्यादी तोच. पण मूल वाचत नाही असे म्हणण्याआधी त्याच्यासमोर काय ठेवले होते, हे तपासायला नको का? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान ठेवलेले आहे. शंभर-सव्वाशे रुपयांचे पुस्तक धरले, तर प्राथमिक शाळेच्या वाट्याच्या ५,००० रुपयांत चाळीस-पन्नास पुस्तके येतात. ती कोणी निवडली? वर्गातल्या एका तरी मुलाला विचारले होते का? आलेली पुस्तके कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली प्रभारी शिक्षकाच्या खिशात राहते, कारण पुस्तक हरवले तर जाब त्याला विचारला जाणार असतो. त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण वर्षभर कुलपात राहिलेल्या पुस्तकांवरून मुलांच्या वाचनवृत्तीविषयी निष्कर्ष काढण्यातही नाही.

याच आक्षेपाची एक गंभीर आवृत्ती आहे आणि तिला गंभीर उत्तर दिले पाहिजे. ‘असर’च्या शैक्षणिक पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत की ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. ज्याला धड वाचता येत नाही त्याने पुस्तक सुचवण्याच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे यावर विचारले जाते. आधी वाचायला शिका, आवडनिवड मागाहून. हा क्रम ऐकायला शिस्तीचा वाटतो, पण तो उलटा आहे. मुलाला वाचायची घाई सुटते ती समोर वाचावेसे काही असल्यावर, आणि शेजारच्या पोराला जे कळले ते आपल्याला कळलेले नाही ही टोचणी लागल्यावर. गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’मध्ये रंगवलेला शिक्षक काय करतो? पाठ्यपुस्तकांवर होणारा खर्च वळवून वेगवेगळी गोष्टीची पुस्तके जमवतो, वर्गाचे छोटे वाचनालय उभे करतो आणि पोरांना त्यात मोकळे सोडतो. ते पुस्तक १९३०च्या दशकाच्या आरंभीचे आहे. बी.एड., डी.एड.च्या वर्गांत त्याचे गुणगान होते, परीक्षेत त्यावर टीप विचारली जाते. टीप लिहून उत्तीर्ण झालेला शिक्षक मात्र शाळेत जाऊन कपाटाचे कुलूप तपासतो.

दुसरा आक्षेप असा की मुलांची शिफारस ही शिफारसच नव्हे. तिच्यात कारणमीमांसा नसते. हिवरखेडचे पोर पुस्तक पुढे करून म्हणणार काय, तर ‘अबे, हे वाचून पाय, लय भारी हाय.’ झाले समीक्षण! यावर प्राध्यापक मंडळी हसतात. पण या वाक्यात काय काय आहे ते जरा पाहावे. सांगणाऱ्याने पुस्तक स्वतः वाचलेले आहे; ही अट पुस्तकांची शिफारस करणारे सगळेच पाळतात असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? त्याने ते नेमक्या एका मित्राला दिले आहे, दुसऱ्याला नाही, कारण या मित्राला कशात गोडी आहे हे त्याला ठाऊक आहे. मोठ्यांची यादी ‘इयत्ता पाचवी ते आठवी’ अशा पत्त्यावर जाते. त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: या शिफारशीत सांगणाऱ्याची पत पणाला लागलेली असते. पुस्तक रटाळ निघाले तर मित्र दुसऱ्या दिवशी ते बाकावर आपटतो, ‘काहून दिलं बे मले हे?’ म्हणतो, आणि पुढच्या वेळी त्याचे ऐकत नाही. रटाळ पुस्तक यादीत घातल्याबद्दल एखाद्या समितीची पत गेल्याचे कधी ऐकिवात आहे?

राहिली कारणमीमांसेची गोष्ट. मुलांच्या पुस्तकांवर मोठ्यांनी लिहिलेली परीक्षणे चाळली तर तिथे ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’, ‘संस्कारक्षम’, ‘ओघवती शैली’ ही चार विशेषणे आलटून पालटून भेटतात. ‘लय भारी’पेक्षा ती अधिक सांगतात ती नेमकी कोणत्या बाबतीत? उलट मुलाला नीट विचारले, दोन मिनिटे गप्प बसून ऐकले, तर ते पुस्तकातला प्रसंगच सांगू लागते: अमुक जण भांडले, मग तो एकटाच घरी गेला, मग त्याला कळले. प्रसंग निवडून सांगणे हीही समीक्षाच आहे, आणि विशेषणांपेक्षा वरच्या दर्जाची.

मुलांच्या निवाड्यावर भरवसा टाकल्याने काय हाती लागते, याची साक्ष प्रकाशनाच्या इतिहासात आहे. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणलेली लुइझा मे अल्कॉट यांची कादंबरी घ्या. १८६८मध्ये प्रकाशक थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी काहीतरी लिहा म्हणून अल्कॉटबाईंच्या मागे लकडा लावला. त्यांनी काहीशा अनिच्छेनेच पहिली बारा प्रकरणे पाठवली. प्रकाशकाला ती नीरस वाटली. लेखिकेलाही तसेच वाटले. दोन जाणत्यांचे एकमत झाले होते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. पण हस्तलिखित प्रकाशकाच्या भाचीने आणि आणखी काही मुलींनी वाचले आणि त्यांना ते अतिशय आवडले. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांचेच मत प्रमाण, असा साधा विचार अल्कॉटबाईंनी केला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुली त्या चार बहिणींच्या भांडणांत आणि दिलजमाईत आपले वाढणे शोधत राहिल्या, मराठी मुलीही.

टोल्कीन यांच्या ‘हॉबिट’चे हस्तलिखित १९३६मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. वाचून अभिप्राय लिहिण्याचा मोबदला एक शिलिंग. मुलाने अनुकूल अभिप्राय दिला, वर हे पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असेही नोंदवले, म्हणजे आपल्यापेक्षा लहानांना! पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला अनेक प्रकाशकांनी परत पाठवले होते; जिथे तो स्वीकारला गेला तिथल्या प्रमुखाच्या आठ वर्षांच्या मुलीने पहिले प्रकरण वाचून पुढचे मागितले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ तर १८८१च्या पावसाळी सुट्टीत सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी काढलेल्या नकाशातून उगवली. त्या गोष्टीत बायका नकोत, अशी अटही त्या मुलाचीच होती आणि लेखकाने ती जवळजवळ पाळली. मुलांची प्रत्येक मागणी शहाणी असते असे येथे कोणी म्हणत नाही. संपादकांची तरी कुठे असते?

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. अडलेल्या जागी निर्णय मुलाने दिला आणि मोठ्याने तो ऐकून घेतला. मराठीत अशी नोंद शोधायला गेले तर ती सापडणे अवघड जाते. मुलांनी मते दिली नसतील असे नव्हे. ती लिहून ठेवण्याच्या लायकीची कोणाला वाटली नाहीत.

तिसरा आक्षेप संस्कारांचा, आणि हाच आक्षेप घेणाऱ्यांचा बालेकिल्ला. मुले मजा बघतात, आम्ही मूल्ये बघतो, असे त्यांचे म्हणणे. मैत्री शिकवायची तर कृष्ण-सुदाम्याची. मोठे होणे शिकवायचे तर ‘श्यामची आई’ देऊन. बक्षीस समारंभात, वाढदिवसाला, मुंजीत ‘श्यामची आई’ दिली जाते ती याच भरवशावर. देणाऱ्यांनी ती शेवटची कधी वाचली होती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात मोजक्या दिवसांत लिहिलेल्या त्या पुस्तकातला श्याम पोहायला जायच्या भीतीने लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या नावाचे प्रकरणच त्यात आहे. ‘तीर्थयात्रार्थ पलायन’ असे दुसरे आहे. लपणारा, चोरणारा, पळून जाणारा मुलगा! आजच्या एखाद्या होतकरू लेखकाने असा नायक घेऊन पाचवीसाठी कादंबरी पाठवली, तर संस्काराचे किती राखणदार ती यादीत घेतील? ‘श्यामची आई’ मुलांना धरून ठेवते ती श्याम आदर्श आहे म्हणून नव्हे. तो त्यांच्यासारखा चुकतो आणि चुकल्यावर त्याच्या पोटात जे कालवते ते खरे आहे म्हणून. शिवाय पुस्तकाची रचना पाहावी. संध्याकाळी आश्रमातले सोबती जमतात आणि श्याम त्यांना आपले लहानपण सांगतो, बेचाळीस रात्री. ती मित्रांनी मित्राकडून ऐकलेली गोष्ट आहे. तिचे प्रवचन मागाहून झाले, ते देणाऱ्यांच्या हातून.

मैत्रीबाबत मोठ्यांची कल्पना फार गुळगुळीत असते. मुलांना मैत्री कशी असते ते नेमके ठाऊक असते: तीत हेवा असतो, गट पडतात, चुगल्या होतात, ‘कट्टी’ महिनाभर टिकते, आणि एक दिवस काही न बोलता डबा पुढे सरकवला जातो. म्हणून मुले सुचवतात ती पुस्तके अशा मैत्रीची असतात. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’मध्ये पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढवण्यासाठी एक लहान मुलगी घरी न सांगता घाम गाळते. शिक्षक या पुस्तकाची शिफारस करतात ती मुख्याध्यापक कोबायाशींसाठी, रेल्वेच्या डब्यांतल्या वर्गांसाठी, शिक्षणपद्धतीसाठी. मूल तेच पुस्तक मित्राला देते ते त्या झाडासाठी. दोघांचीही निवड बरोबर आहे, पण पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हाती पोचते ते झाडामुळे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला आज सगळे डोक्यावर घेतात. त्यातल्या बनेश फेण्याच्या अंगी मोठ्यांना खटकतील अशा गोष्टी कमी आहेत का? नको तिथे नाक खुपसणे, सांगितलेले न ऐकणे, जिवावर बेतेल अशा जागी एकट्याने जाणे. तरीही वर्गावर्गातून पुस्तके फिरली, आणि ज्यांनी ती फिरवली ती पोरे आज पन्नाशी-साठीत असून नातवंडांना ‘आमच्या वेळचे’ म्हणून सुचवतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांची शिफारस प्रमाण मानायची, कारण ती मुले आता मोठी झाली आहेत. आजच्या मुलांची मात्र नाही!

वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षाजवळ आक्षेपांचा सूर आणखी चढतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलाने नववीतल्या मुलाला दिली की घरात कुजबुज सुरू होते. आणीबाणीच्या काळातला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकरबद्दलची त्याची ओढ. ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नाही, हे खरे. प्रकाश नारायण संतांचे लंपन या मुलाच्या कथांचे चार संग्रहही तसे नाहीत. १९९४च्या ‘वनवास’पासून ते मोठ्यांचे वाङ्‌मय म्हणूनच नावाजले गेले. पण वाढत्या मुलाने स्वतःच्या वाढण्याविषयी वाचायचे नाही तर कोणी वाचायचे? चाळिशी ओलांडल्यावर गतकाळाच्या आठवणीने डोळे ओले करणे हाच या पुस्तकांचा मान्यताप्राप्त उपयोग दिसतो. ज्या वयाची ती आहेत त्या वयाला मनाई, आणि ते वय हातातून गेलेल्यांना मोकळीक. मुलगा असली पुस्तके मित्राला देतो तेव्हा तो बिघडत नसतो. जे घरात बोलता येत नाही ते बोलायला त्याने एक तिसरा माणूस शोधलेला असतो.

भलतेसलते वाचतात या तक्रारीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. भुताच्या गोष्टी, विनोदाच्या चोपड्या, कार्टूनच्या पुस्तिका मुले एकमेकांना देतात, देत राहतील. त्यातले बरेच टाकाऊ असते. मोठी माणसे काय ज्ञानेश्वरी घेऊन एसटीत बसतात? टाकाऊ पुस्तक मुलांच्या बाजारात फार टिकत नाही. एक पोर दुसऱ्याला सांगते आणि ते मागे पडते. याद्यांत गेलेले टाकाऊ पुस्तक मात्र पुढच्या खरेदीतही येते, कारण ते मागच्या खरेदीत होते.

शेवटचा आक्षेप खास गावाकडच्या मुलासाठी राखून ठेवलेला आहे. हिवरखेडच्या पोराला शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची आहे, सहावीला नवोदय गाठायचे आहे, आठवीला एनएमएमएस शिष्यवृत्ती काढून वर्षाला १२,००० रुपये मिळवायचे आहेत. कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात हे पैसे मोठे असतात. तिथे गोष्टीची चैन कशाला? याला सोयीचे उत्तर आहे: नवोदयच्या भाषेच्या भागात अनोळखी उतारे येतात, आणि उतारा समजतो तो गोष्टी वाचणाऱ्याला. उत्तर खरे असले तरी त्याच्या आडोशाला जाण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला पुस्तक आवडण्यासाठी आवडू द्यायचे आणि वऱ्हाडातल्या मुलाने मात्र प्रत्येक पानाचा परीक्षेतला फायदा दाखवायचा, हा न्याय कोणता? गरिबाच्या मुलाला करमणूक परवडत नाही, असे म्हणणारा माणूस त्याच्या वतीने काटकसर करत असतो, आणि ती काटकसर स्वतःच्या मुलाला लावत नाही.

याला जोडून येतो शहरी पुस्तकांचा मुद्दा. ही पुस्तके ब्राह्मणी-पुणेरी, तिकडच्या वाड्यांतली आणि कॉलन्यांतली. वऱ्हाडी मुलाला त्यात काय सापडणार? मुद्द्यात तथ्य आहे आणि ते लेखक-प्रकाशकांना लाज आणणारे आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६०मध्ये वऱ्हाडी संवादांवर मोठी कादंबरी उभी राहू शकते हे सिद्ध केले, गो. नी. दांडेकरांच्या ‘पूर्णामायची लेकरं’ने ती बोली पानभर खेळवली. मुलांसाठी वऱ्हाडीत लिहिलेले पुस्तक मात्र आजही धुंडाळावे लागते. पण यावरून मुलाला दुसरीकडचे पुस्तक आवडणारच नाही, हे कसे ठरले? फास्टर फेणे फुरसुंगीचा, शहरातल्या शाळेत आलेला गावचा पोरगा आहे, हे त्याला ‘शहरी’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात नसते. लंपनची मराठी बेळगावकडच्या कानडीने भिजलेली आहे. तोत्तोचान तर तोक्योची. हिवरखेडच्या मुलाला जपानी मुलगी कळते आणि तो ती मित्राला वऱ्हाडीत सांगतो. भाषांतराचे हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम तो फुकट करतो, आणि वर्गात तीच गोष्ट सांगायला उभा राहिला की त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणून खाली बसवले जाते.

परिपाठातल्या ‘पुस्तक परिचया’ची अवस्था यावरून समजते. अनेक शाळांत रोज एका मुलाने एका पुस्तकाची ओळख करून द्यायची असते. कल्पना चांगली आहे. पण मजकूर बहुधा बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेला, मुलाने पाठ केलेला, आणि शेवट ठरलेला: या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की. रांगेत उभ्या मुलांपैकी एकही जण ते पुस्तक मागायला जात नाही. तेच मूल परिपाठ सुटल्यावर, कोणी ऐकत नाही असे पाहून, दुसऱ्याला सांगते की त्यातला तो विहिरीचा भाग वाच. शाळेला मात्र पहिल्याची नोंद ठेवता येते, छायाचित्र काढता येते; दुसऱ्याचे काय करायचे हे तिला माहीत नाही.

राज्याने २०१५पासून १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. अलीकडे महावाचन उत्सवात विद्यार्थ्यांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहावे अशी अपेक्षा ठेवली गेली, हे पाऊल योग्य दिशेचे. परंतु ते लिखाण वाचणार कोण? मूल्यमापन करणारे मोठे आणि बक्षीस ठरवणारेही मोठे. म्हणून मूल लिहिते तेही मोठ्यांना आवडेल असेच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो, रक्कम ५०,००० रुपये, नऊ ते सोळा वर्षे वयाच्या वाचकांसाठीच्या लेखनाला. त्या वयाचा एकही वाचक निर्णयाच्या खोलीत नसतो. हे अशक्य असते म्हणावे, तर जर्मनीच्या बालकुमार साहित्य पुरस्कारात २००३पासून किशोरांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. ते मोठ्यांच्या मंडळाशेजारी बसून आपली निवड वेगळी जाहीर करते. तिथले वाङ्‌मय त्यामुळे बुडालेले नाही.

मूल कोणत्या पुस्तकाशी मैत्री करील, हे मुलालाच कळते, आणि दुसऱ्या मुलाला ते पटवण्याची ताकदही त्याच्याकडेच असते. मोठ्यांची यादी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मुलाने काय व्हावे अशी मोठ्यांची इच्छा आहे, एवढेच ती सांगते. ती इच्छा बाळगायला हरकत नाही, पण तिला वाचन म्हणू नये आणि तिच्या नावावर मुलाचे तोंड बंद करू नये. करायच्या गोष्टी साध्या आहेत. शाळेच्या ग्रंथालय अनुदानातली निम्मी पुस्तके मुलांनी वहीत लिहून दिलेल्या मागणीवरून घ्यावीत आणि ती वही शालेय व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. परिपाठात मुलाने आपल्या बोलीत, कागद न घेता, बोध न सांगता बोलावे. आवडले नाही असेही त्याला म्हणता यावे. कपाटाची किल्ली सातवी-आठवीतल्या दोन मुलामुलींकडे द्यावी, देवघेवीची नोंद त्यांनीच ठेवावी. हिवरखेडच्या शाळेत हे करायला नवा शासन निर्णय लागत नाही. काही पुस्तके फाटतील, दोन-चार परत येणार नाहीत, आणि अशा पुस्तकांच्या निर्लेखनाची सोय कार्यालयीन पद्धतीत पूर्वीपासूनच आहे.